ओट, हरभरा आणि घोड्याची शक्ती : चंदीच्या इतिहासाचा एक तौलनिक अभ्यास

प्रस्तावना

इतिहासग्रंथांतून घोड्याचे दर्शन बहुधा रणांगणावर होते. घोडदळाची संख्या, सरदारांची नावे, चढाईचे मार्ग आणि लढाईचा निकाल यांची चर्चा विस्ताराने केली जाते. परंतु त्या घोड्यांनी आदल्या दिवशी काय खाल्ले होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक वाफेचे यंत्र येण्यापूर्वी जमिनीवरील वेगवान हालचालीचे घोडा हे प्रमुख साधन होते आणि या साधनाचे इंधन धान्य हे होते. घोड्याला रोज द्यावयाच्या या धान्याच्या खुराकास मराठीत ‘चंदी’ असा नेमका शब्द आहे. युरोपात चंदी म्हणजे प्रामुख्याने ओट. दख्खनमध्ये चंदी म्हणजे हरभरा किंवा कुळीथ. धान्ये वेगळी असली तरी त्यांचे कार्य एकच होते : गवतावर जगणाऱ्या प्राण्याकडून गवताच्या बळावर शक्य नसलेले काम करून घेणे.

घोड्याला मिळणारी ही अतिरिक्त शक्ती कोठून येते, तिची किंमत कोण देते आणि तो पुरवठा तुटला म्हणजे काय घडते, या तीन प्रश्नांचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेण्यात आला आहे. त्यासाठी मध्ययुगीन युरोप, सतराव्या-अठराव्या शतकांतील मराठा राज्य, ब्रिटिशकालीन भारत आणि एकोणिसाव्या-विसाव्या शतकांतील पाश्चात्त्य नगरे व युद्धे यांतील काही उदाहरणे विचारात घेतली आहेत.

गवत, दाणा आणि वेळ

चंदीचे महत्त्व समजण्यासाठी घोड्याच्या पचनसंस्थेचा थोडक्यात विचार करणे आवश्यक आहे. गाय-बैल रवंथ करतात. घोडा करीत नाही. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि गवतातील तंतुमय भागाचे विघटन मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजीव करतात. त्यामुळे घोडा थोडे थोडे, पण सतत खातो. मोकळ्या कुरणात त्याचे दिवसाचे बारा ते सोळा तास चरण्यात जातात.

सुमारे ५०० किलोग्रॅम वजनाच्या, काम न करणाऱ्या घोड्याला दररोज साधारण १६ ते १७ मेगाकॅलरी पचनीय ऊर्जा लागते. एक किलो वाळलेल्या गवतापासून सुमारे २ मेगाकॅलरी मिळतात आणि असा घोडा दिवसभरात १० ते १२ किलो गवत खाऊ शकतो. म्हणजे विश्रांतीत असलेल्या घोड्याला केवळ गवत पुरते. मात्र कष्टाचे काम करणाऱ्या घोड्याची गरज २६ मेगाकॅलरींच्याही पुढे जाते. ही गरज गवताने भागत नाही. कारण एकीकडे पोटाची मर्यादा असते आणि दुसरीकडे चरावयास वेळच उरत नाही. दिवसभर नांगराला, गाडीला किंवा स्वाराखाली असलेला घोडा सोळा तास चरणार तरी केव्हा?

येथे दाण्याचे कार्य सुरू होते. एक किलो ओटमधून साधारण ३ मेगाकॅलरी, म्हणजे गवताच्या दीडपट ऊर्जा मिळते आणि ते खाण्यास फार कमी वेळ लागतो. तोबऱ्यात बांधलेले दोन-अडीच किलो धान्य घोडा थोड्याच वेळात संपवितो आणि पुन्हा कामाला लागतो. दाणा घोड्याला ऊर्जा देतो, तसाच तो माणसाला घोड्याचा वेळही मिळवून देतो. चंदीच्या इतिहासातील हे मूलभूत सूत्र होय.

सर्व धान्यांत ओटला युरोपात जे स्थान मिळाले, त्यामागेही शारीरिक कारण आहे. ओटच्या दाण्यावर टरफल असल्याने त्यात तंतुमय भाग अधिक असतो, त्यातील पिष्ट घोड्याच्या लहान आतड्यात चांगले पचते आणि धान्य वजनाला हलके असल्यामुळे मापाने थोडे अधिक पडले तरी सहसा अपाय होत नाही. मका किंवा हरभरा त्याच मापाने घातल्यास वजन व पिष्ट बरेच अधिक जाते. न पचलेले पिष्ट मोठ्या आतड्यात पोहोचले की तेथे आम्ल वाढते. त्यातून पोटशूळ आणि खुरांचा दाह उद्भवतो. युरोपातील ओझ्याच्या घोड्यांना रविवारच्या विश्रांतीनंतर सोमवारी कामावर जुंपताच स्नायू आखडण्याचा विकार होत असे आणि तो सोमवारचा आजार म्हणूनच ओळखला जाई. काम थांबले तरी चंदी तेवढीच ठेवण्याचा तो परिणाम होता. अतिरिक्त शक्ती ही अतिरिक्त श्रमाशी जोडलेली असली तरच उपयोगी ठरते, हे अनुभवी मोतद्दारांना शास्त्रीय कारणमीमांसा होण्यापूर्वीच ठाऊक होते.

प्राचीन काळातील चंदी

घोड्याला मोजून धान्य देण्याची प्रथा ओटहून पुष्कळ प्राचीन आहे. इ. स. पूर्व चौदाव्या-पंधराव्या शतकाच्या सुमारास मितान्नी येथील किक्कुली नामक अश्वशिक्षकाच्या नावाने हित्ती भाषेत लिहिला गेलेला मजकूर उपलब्ध आहे. त्यात रथाच्या घोड्यांना कोणत्या दिवशी किती पळवावे, केव्हा पाणी पाजावे आणि केव्हा धान्य द्यावे, यांचा क्रम सांगितला आहे. तेथील धान्य प्रामुख्याने जव हे होते.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात अश्वाध्यक्षाच्या कर्तव्यांचे स्वतंत्र प्रकरण आहे. उत्तम घोड्यासाठी तांदूळ, जव यांसारखे दोन द्रोण धान्य, अथवा शिजविलेले मूग किंवा उडीद, शिवाय तेल, मीठ, मांस, दही किंवा दूध असा सविस्तर आहार तेथे दिला आहे. मध्यम व कनिष्ठ घोड्यांसाठी हे प्रमाण उतरते आहे. घोड्याचा खुराक ही राज्याच्या हिशोबाची बाब आहे, ही जाणीव या तरतुदींतून स्पष्ट होते. रोमन सैन्यातही स्वाराच्या घोड्यासाठी जव मोजून दिला जाई. उलट शिक्षा म्हणून सैनिकाला गव्हाऐवजी जव देण्यात येई. माणसाचे धान्य आणि जनावराचे धान्य यांतील प्रतिष्ठेचा भेद तेव्हापासूनच दिसतो. ओटला तर रोमन लोक बराच काळ शेतातील तण समजत आणि उत्तरेकडील जर्मन जमाती त्याची लापशी खातात याची नोंद प्लिनीने केली आहे.

मध्ययुगीन युरोप : ओट आणि त्रिशेत पद्धती

थंड व दमट हवामानात, हलक्या जमिनीतही येणारे हे ‘तण’ पुढे उत्तर युरोपच्या कृषिव्यवस्थेत महत्त्वाचे पीक ठरले. कॅरोलिंगियन काळापासून पसरत गेलेल्या त्रिशेत पद्धतीत गावाच्या जमिनीचे तीन भाग केले जात. एका भागात शरद ऋतूत गहू किंवा राय पेरीत, दुसऱ्यात वसंत ऋतूत ओट, जव, वाटाणा इत्यादी पिके घेत आणि तिसरा भाग पडीक ठेवीत. वसंतातील या पेऱ्यामुळे घोड्यासाठी धान्य उपलब्ध झाले.

अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्ययुगीन तंत्रविद्येवरील ग्रंथात या घटनेला मोठे महत्त्व दिले. खांद्यावर भार घेणारी गळपट्टी, खिळ्यांनी ठोकलेला नाल आणि ओट या तीन गोष्टी एकत्र आल्यामुळे घोडा नांगराला जुंपणे शक्य झाले आणि उत्तर युरोपची उत्पादनक्षमता वाढली, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा निष्कर्ष सर्वांना मान्य झाला नाही. आर. एच. हिल्टन आणि पी. एच. सॉयर यांनी १९६३ मध्ये त्यावर तंत्रनियतिवादाचा आक्षेप घेतला. पुढे जॉन लँग्डन यांनी १९८६ मध्ये इंग्लंडमधील जमीनदारी हिशोबांच्या आधारे दाखवून दिले, की बैलाकडून घोड्याकडे झालेले संक्रमण संथ व प्रदेशानुसार भिन्न होते आणि घोड्याचा लाभ नांगरणीपेक्षा वाहतुकीत अधिक स्पष्ट होता.

या वादात एक समकालीन साक्ष विशेष बोलकी आहे. तेराव्या शतकातील वॉल्टर ऑफ हेन्ली याने शेतीव्यवस्थेवरील आपल्या लेखनात घोडा आणि बैल यांच्या खर्चाची तुलना केली आहे. हिवाळाभर घोड्याला रोज रात्री ओट द्यावे लागतात, नालाचा खर्च वेगळा. बैलाला मात्र पेंढा आणि थोडा दाणा पुरतो. शिवाय म्हातारा बैल पोसून खाण्यासाठी उपयोगी पडतो, म्हाताऱ्या घोड्याचे केवळ कातडे उरते. म्हणून बैलच परवडतो, असा त्याचा कल होता. तरीही घोडे वाढत गेले, याचा अर्थ वेगाची व वेळेची किंमत अनेकांना त्या अधिक खर्चाहून मोठी वाटू लागली होती.

या खर्चाची सामाजिक बाजूही होती. ज्या शेतात ओट पिकत असत, त्या शेतात माणसाचे अन्नही पिकू शकत असे. स्कॉटलंडमध्ये आणि उत्तर इंग्लंडमध्ये तर ओट हेच सामान्य जनांचे मुख्य अन्न होते. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशात, इंग्लंडमध्ये घोड्यांना दिले जाणारे हे धान्य स्कॉटलंडमध्ये लोकांना पोसते, अशा आशयाची उपरोधिक व्याख्या दिली. त्या विनोदामागे एक कठोर वस्तुस्थिती होती : घोडा आणि गरीब माणूस एकाच धान्यावर हक्क सांगत होते.

दख्खनमधील चंदी : छावणी आणि कुणबी

दख्खनच्या पठारावर ओटचे पीक नव्हते. येथे घोड्याचा आधार म्हणजे पावसाळ्यानंतरचे गवत, ज्वारीचा कडबा आणि चंदीसाठी हरभरा व कुळीथ. हरभऱ्यात प्रथिनांचे प्रमाण सुमारे वीस टक्के, म्हणजे ओटच्या जवळजवळ दुप्पट असते. तो भिजवून किंवा भरडून देण्याची रीत होती. कारण कोरडा हरभरा पोटात फुगतो. भीमा-नीरा खोऱ्यातील भीमथडी तट्टे अंगाने लहान असली, तरी रुक्ष चाऱ्यावर टिकून राहण्याबद्दल प्रसिद्ध होती. मराठ्यांच्या चपळ युद्धतंत्राचा हा जैविक पाया होता.

मराठा लष्कराचे वार्षिक वेळापत्रक चाऱ्यानुसार ठरलेले होते. सभासदाच्या बखरीत याचे वर्णन आढळते. पावसाळ्यात लष्कर स्वराज्यात छावणीला परत येई. घोड्यांसाठी दाणा, गवत, औषधे व निवारा यांची तरतूद आधीच केलेली असे. दसऱ्याला लष्कर मुलूखगिरीस बाहेर पडे व आठ महिने परमुलखात पोट भरी. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. दसऱ्याचे सीमोल्लंघन धार्मिक विधी होताच, पण त्या सुमारास गवत वाढलेले आणि खरिपाचे पीक उभे असे, हेही त्यामागील व्यावहारिक कारण होते. युरोपातही मोहिमा वसंतातील गवत उगवल्यानंतरच सुरू होत. नेपोलियनने १८१२ मध्ये रशियावरील स्वारीसाठी जून अखेरपर्यंत वाट पाहिली, त्यात चाऱ्याचा विचार महत्त्वाचा होता. तरीही दाण्याचा पुरवठा मागे राहिला, उपाशी घोड्यांनी कच्ची राय खाल्ली आणि मोहिमेच्या पहिल्या काही दिवसांतच हजारो घोडे दगावले.

चंदीचा प्रश्न राज्यकर्त्याने किती सूक्ष्मपणे पाहिला होता, याचे सर्वांत महत्त्वाचे मराठी साधन म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकाच्या पूर्वार्धात चिपळूण परिसरातील पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना पाठविलेले पत्र. घोडदळ पावसाळ्यासाठी तेथे छावणीला होते आणि मुलखातील साठा मोठ्या कष्टाने गोळा करून त्याला देण्यात आला होता. या पत्राचा आशय असा : आज साठा आहे म्हणून मनास येईल तसा दाणा व गवत खर्च केले, तर पावसाळा संपण्याआधीच ते संपेल, मग घोडे उपाशी मरतील आणि ते तुम्हीच मारल्यासारखे होईल. त्यानंतर सैनिक कुणब्यांच्या घरी जाऊन कोणी दाणे, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजीपाला आणू लागतील. जे कुणबी कसेबसे जीव धरून राहिले आहेत, ते गाव सोडून जातील, काही उपाशी मरतील आणि त्यांना मोगलांपेक्षाही तुम्ही वाईट वाटाल. चुलीचा विस्तव, चिलीम किंवा उंदराने ओढून नेलेली दिव्याची पेटती वात यांमुळे गवताच्या गंजी पेटून सारी पागा नष्ट होईल, असा इशाराही त्यात आहे.

या पत्राचा उल्लेख प्रजाहितदक्षतेचे उदाहरण म्हणून नेहमी केला जातो आणि तो योग्यच आहे. परंतु त्यातील अर्थविचारही तेवढाच लक्षणीय आहे. घोड्याची चंदी आणि कुणब्याची भाकर ही एकाच कोठारातून येते. एकीकडील उधळपट्टी दुसरीकडील उपासमार होते, हे त्यात निःसंदिग्धपणे मांडले आहे. वॉल्टर ऑफ हेन्लीने जो हिशोब जमीनदाराच्या नफ्यासाठी केला, तोच हिशोब येथे रयतेच्या जगण्याच्या संदर्भात केलेला दिसतो.

पानिपत : रिकामा तोबरा

चंदीचा पुरवठा तुटला म्हणजे काय होते, याचे दारुण उदाहरण म्हणजे १७६०-६१ ची पानिपतची मोहीम. एक ढोबळ हिशोब येथे उपयुक्त ठरेल. दर घोड्यास रोज पाच किलो दाणा धरला, तर दहा हजार घोड्यांना दररोज ५० टन धान्य लागते. एका लादाऊ बैलाच्या पाठीवर सुमारे १०० किलो भार धरल्यास हे रोजचे ५०० बैलांचे ओझे होते. गवत त्यात धरलेले नाही. एवढा भार लांबून वाहून आणणे दुरापास्त असल्याने घोडदळाला सतत फिरत राहावे लागे. स्थिर राहिलेले घोडदळ भोवतालचा मुलूख थोड्याच दिवसांत खाऊन संपवीत असे.

सदाशिवरावभाऊंच्या लष्कराने १७ ऑक्टोबर १७६० रोजी कुंजपुरा घेतला, तेव्हा तेथील धान्यसाठा हाती लागला. परंतु त्यानंतर अब्दालीने यमुना ओलांडून दक्षिणेकडील मार्ग रोखला आणि मराठे पानिपतजवळ मोर्चे बांधून राहिले. लढवय्यांखेरीज बाजारबुणगे, बायकामुले व यात्रेकरू यांचा मोठा जमाव सोबत होता. डिसेंबर १७६० मध्ये रसद गोळा करण्याची जबाबदारी असलेले गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि दुआबातून येणारा पुरवठा जवळजवळ थांबला. गवतासाठी बाहेर पडलेल्या टोळ्या शत्रूच्या स्वारांना बळी पडू लागल्या. छावणीत घोडे व बैल भुकेने मरू लागले आणि अनेक स्वारांवर पायी लढण्याची पाळी आली. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असा आग्रह सरदारांनी धरल्याचे काशीराजाच्या वृत्तांतात नमूद आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी जे घोडदळ रणांगणावर उतरले, ते कित्येक आठवडे अर्धपोटी होते.

पानिपतच्या पराभवाची कारणे अनेक आहेत आणि ती केवळ चंदीत शोधणे एकांगी ठरेल. मात्र ज्या सैन्याची ताकद वेगात होती, ते एका जागी रोखले गेले आणि त्याच्या घोड्यांचा दाणा तुटला, तेव्हा ती ताकद लढाईपूर्वीच क्षीण झाली होती, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

दोन परंपरांची गाठ

ओटवर वाढलेली युरोपीय अश्वपरंपरा आणि हरभऱ्यावरील भारतीय परंपरा यांची गाठ ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात पडली. इंग्रज अधिकाऱ्यांना येथे ओट मिळत नसत. त्यांनी हरभरा स्वीकारला. इंग्रजीतील ‘ग्रॅम’ हा शब्द मुळात धान्य या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आला असून भारतात तो हरभऱ्यासाठी रूढ झाला. कुळथाला तर इंग्रजीत ‘हॉर्स ग्रॅम’ म्हणजे घोड्याचा हरभरा असेच नाव पडले. एका कडधान्याची ओळख त्याच्या अश्वखाद्य म्हणून असलेल्या उपयोगावरून ठरावी, ही बाब पुरेशी सूचक आहे. कोकणात व देशावर हेच कुळीथ पिठले व कढणाच्या रूपाने माणसांच्या ताटात होते.

आर्थर वेलस्ली याने १८०३ च्या दख्खन मोहिमेत पुरवठ्याकडे विशेष लक्ष दिले. १२ ऑगस्ट १८०३ रोजी अहमदनगरचा किल्ला हाती येताच त्याने तेथे कोठार केले आणि धान्यवाहतुकीसाठी लमाणांच्या तांड्यांवर भिस्त ठेवली. त्या हंगामात दख्खनमध्ये दुष्काळाची छाया होती. २३ सप्टेंबर रोजी असई येथे झालेल्या लढाईचे वर्णन सर्वत्र आढळते. परंतु त्या लढाईपर्यंत घोडदळ पोहोचले ते लमाणांच्या बैलांनी वाहून आणलेल्या धान्याच्या बळावर, याची दखल फारशी घेतली जात नाही.

एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातून मोठ्या अंगलोटाचे वेलर घोडे भारतात येऊ लागले. याच काळात उत्तर भारतातील लष्करी अश्वपैदास केंद्रे आणि छावण्यांच्या परिसरात ओटची लागवड वाढली. म्हणजे भारतात ओटचे पीक प्रामुख्याने घोड्याच्या मागोमाग रुजले.

नगर, युद्ध आणि ओट

रेल्वे आल्यावर घोडा निरुपयोगी होईल, अशी अपेक्षा होती, घडले उलटच. रेल्वेने आणलेला माल व माणसे स्थानकापासून पुढे नेण्यासाठी शहरांत घोड्यांची संख्या वाढली. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि विजेची ट्राम १९०७ मध्ये येईपर्यंत नगराच्या दळणवळणाचा भार घोड्यांनी वाहिला. लंडनमध्ये एका ऑम्निबससाठी आळीपाळीने जुंपण्याकरिता सुमारे अकरा घोडे ठेवावे लागत. त्यांच्या खाद्याचा खर्च हा कंपन्यांच्या हिशोबातील मोठा भाग असे. म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वस्त अमेरिकी मका ओटची जागा अंशतः घेऊ लागला.

ओटच्या महागाईने यंत्राच्या शोधाला चालना दिली असावी, असाही एक तर्क आहे. १८१५ मध्ये तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला, १८१६ मध्ये युरोपात उन्हाळा जवळजवळ पडलाच नाही आणि धान्याचे भाव कडाडले. १८१७ मध्ये कार्ल फॉन ड्राइस याने मानहाइम येथे सायकलीचे आद्यरूप असलेले दुचाकी वाहन चालवून दाखविले. खाणे न मागणारे वाहन शोधण्याची प्रेरणा या टंचाईतून मिळाली, असे हान्स-एर्हार्ड लेसिंग यांचे मत आहे. ते सर्वमान्य नसले तरी विचारार्ह आहे.

अमेरिकेत १९१५ च्या सुमारास अडीच कोटींहून अधिक घोडे व खेचरे होती आणि पिकाखालील जमिनीचा जवळजवळ चौथा हिस्सा त्यांच्या खाद्यासाठी खर्ची पडत होता. पहिल्या महायुद्धात हा भार समुद्रापार गेला. ब्रिटनने १९१४ ते १९१८ या काळात फ्रान्सला पाठविलेले ओट व गवत सुमारे ५४ लाख टन भरले, तर दारूगोळा सुमारे ५२ लाख टन होता. यंत्रयुद्ध म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या युद्धात सर्वांत जड माल घोड्यांचा चारा हा होता. समुद्री नाकेबंदीमुळे जर्मनीत माणसांच्या बरोबरीने घोड्यांचेही शिधे कमी करावे लागले. दुबळ्या घोड्यांना तोफा ओढता येईनात आणि १९१८ च्या चढाईत त्याचा परिणाम जाणवला.

युद्धानंतर ट्रॅक्टर व मोटार यांचा प्रसार झाला आणि घोड्यांसाठी राखलेली जमीन मोकळी झाली. ती पुढे माणसाच्या अन्नाकडे व दुभत्या जनावरांच्या चाऱ्याकडे वळली. महाराष्ट्रातही आज ओट हे रब्बी हंगामातील हिरव्या चाऱ्याचे पीक म्हणून परिचित आहे आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले हरिता’ हा वाण त्यासाठी घेतला जातो. घोड्याबरोबर भारतात पसरलेले हे धान्य गोठ्यात आणि शहरी न्याहारीत स्थिरावले. घोड्याच्या तोबऱ्यात ते शर्यतीचे तबेले व अश्वपैदास केंद्रे अशा मोजक्या ठिकाणी उरले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. चंदीने घोड्याला दिलेली अतिरिक्त शक्ती मुख्यतः वेळेच्या बचतीतून आली. गवतावर जगू शकणाऱ्या प्राण्याला दाणा द्यावा लागला, कारण माणसाला त्याचे चरण्याचे तास हवे होते.

२. कोणते धान्य चंदी म्हणून वापरले जाईल, हे हवामान व पीकपद्धती यांनी ठरविले. ओट श्रेष्ठ की हरभरा, हा प्रश्न त्या त्या भूमीच्या संदर्भातच विचारात घ्यावा लागतो.

३. चंदीचा भार अखेरीस जमिनीवर व शेतकऱ्यावर पडला. चिपळूणच्या पागेला लिहिलेल्या पत्रात या संबंधाचे जे आकलन दिसते, ते केवळ नैतिक उपदेशाच्या पातळीवरचे नाही. ते राज्याच्या ऊर्जाव्यवस्थेचे आकलन आहे.

४. चंदीचा पुरवठा तुटल्यावर मोठी लष्करे लढाईपूर्वीच दुर्बळ झाली. पानिपत, १८१२ ची रशियाची मोहीम आणि १९१८ चे जर्मन सैन्य ही त्याची वेगवेगळ्या काळांतील उदाहरणे होत.

घोडा रस्त्यावरून गेला म्हणून हा प्रश्न संपलेला नाही. आज मका व तांदूळ यांपासून वाहनांसाठी इथेनॉल तयार केले जाते, तेव्हा शेतातील धान्य वाहनाला द्यावे की माणसाला, हा जुनाच प्रश्न नव्या स्वरूपात पुढे येतो. कोठारातील दाणा मोजून खर्च करावा आणि तो कोणाच्या घासातून येतो याचे भान ठेवावे, ही पागेच्या कारकुनांना सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी दिलेली समज आजच्या धोरणकर्त्यांनाही तितकीच लागू पडते.